मुंबई मॅरेथॉन २०२५: ३८ मुलांसाठी दीड लाख कसे उभे केले, त्याच्या नोंदी

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

आजपासून लिहून ठेवतेय. पुढच्या वर्षी आमच्या ग्रुपमधलं कोणीतरी हेच करेल तेव्हा त्याने माझ्याच चुका परत करू नयेत एवढ्यासाठी.

टाटा मुंबई मॅरेथॉन, १९ जानेवारी २०२५. स्पर्धा २००४ ला सुरू झाली, कोविडमुळे २०२१ आणि २०२२ ला झाली नाही, म्हणून ही विसावी. मी हाफ धावणार, २१ किलोमीटर, माहीमहून सीएसएमटीपर्यंत. वय ४३, आजवर सलग धावलेलं जास्तीत जास्त अंतर ८ किमी. निधी गोळा करायची व्यवस्था युनायटेड वे मुंबईकडे असते, त्यांच्याकडे नोंदलेल्या संस्थांपैकी एक निवडायची, तिच्यासाठी आपलं पान उघडायचं आणि लोकांना लिंक द्यायची.

माझी संस्था छोटी आहे. भिवंडी तालुक्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवतात. दिवाळी झाली की कातकरी कुटुंबं उचल घेऊन भट्टीवर येतात, पावसाळा तोंडावर आला की परत गावी, आणि मधले सहा-सात महिने पोरांची गावची शाळा बुडते. म्हणून भट्टीवरच शाळा. एका मुलाचा हंगामाचा खर्च ४,००० रुपये, त्यात ताईचं मानधन, खाऊ, वह्या-पाट्या सगळं आलं. एका भट्टीवर ३८ मुलं. म्हणजे टार्गेट १,५२,०००.

आज पान उघडलं. फोटो टाकला, चार परिच्छेद लिहिले आणि लिंक ११ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली. शाळेचा, कॉलेजचा, सोसायटीचा, सासरचा, माहेरचा, ऑफिसचे तीन, वगैरे. सगळे मिळून हजाराच्या वर लोक होतील.

२५ ऑगस्ट, रविवार

आठवडा झाला. ५४ अंगठे, १७ हात जोडलेले, आणि देणगी तिघांची: नवरा १,०००, कॉलेजची मैत्रीण १,०००, खालच्या मजल्यावरचे काका ५०१. एकूण २,५०१.

मंगळवारी आणि शुक्रवारी रिमाइंडर टाकला होता, त्यातून एक रुपया आला नाही. उलट माहेरच्या ग्रुपवर कोणीतरी लगेच खाली वाढदिवसाचा केक टाकला आणि माझी लिंक वर गेली ती गेलीच. सगळ्यांना मिळून विचारलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा कोणीतरी देईल.

धावणं: ठाकुर्लीचा नव्वद फुटी रोड, ६ किमी, पावसात. बूट ३,२०० चे घेतलेत पण बोटं पुढे घासतायत.

१८ सप्टेंबर, बुधवार

गणपतीत निधीचं काम बंदच होतं, पण जे शिकायचं ते तिथेच शिकले. मंडळाची वर्गणी घ्यायला पोरांबरोबर मी बी विंगला फिरले. जो पोरगा पुढे होता तो दार उघडलं की आधी नाव घेऊन बोलायचा, "जोशीकाकू, मागच्या वर्षी तुमचे ७०१ होते, या वर्षी ह्यांचं प्रमोशन झालंय ना?" एवढं बोलून पावतीपुस्तक उघडून पेन हातात धरून उभा. ४२ दारांपैकी ३९ दारांनी दिलं.

तीन गोष्टी लिहून घेतल्या. नाव घेऊन बोलायचं. आकडा आपण सांगायचा. पावती समोर ठेवायची. मी यातली एकही केली नव्हती. माझ्या मेसेजमध्ये "यथाशक्ती मदत करा" असं होतं, आणि यथाशक्ती म्हणजे किती हे ठरवायचं काम मी वाचणाऱ्यावर टाकलं होतं.

२२ सप्टेंबर, रविवार

एक्सेल शीट केली. १२० नावं. कॉलम: नाव, नातं, किती मागायचे, फोन कधी केला, काय म्हणाले, परत फोन कधी, पैसे आले का, पॅन दिला का, पावती पोचली का, आभार मानले का. दोन तास गेले, पण आजवरचे सगळ्यात कामी येणारे दोन तास हेच असतील.

रोज रात्री साडेआठ ते सव्वानऊ तीन फोन, जास्त नाही. जास्त केले की आवाजात घाई येते आणि समोरच्याला ती कळते.

२ ऑक्टोबर, बुधवार

२६ फोन झाले. १७ जणांनी दिले, २३,५०० आले. एकूण २६,००१. एक महिना ग्रुपवर वाया घालवला तो भरून निघाला.

फोनवर काय बोलते ते इथे लिहिते, कोणाला वापरायचं तर वापरा: "मी जानेवारीत २१ किलोमीटर धावतेय, भट्टीवरच्या ३८ पोरांच्या शाळेसाठी. एका पोराचे चार हजार लागतात. तू अर्ध्या पोराचे, दोन हजार देशील का?" आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. पहिल्या पाच-सहा फोनना मीच मध्ये बोलायचे, "नाही जमलं तरी चालेल गं", आणि मग समोरचीला तेच सोपं पडायचं.

अर्धा पोरगा हा शब्द मला स्वतःलाच खटकतो. आता "एका मुलाचा अर्धा हंगाम" म्हणते.

१३ ऑक्टोबर, रविवार

मोठी चूक, नीट वाचा.

दसऱ्याच्या आसपास ऑफिसात नऊ जणांनी लिंक उघडायच्या ऐवजी सरळ माझ्या नंबरवर जीपे केले. लिंकवर नाव, पत्ता, पॅन सगळं भरावं लागतं, त्यांना कंटाळा आला आणि मीही म्हटलं ठीक आहे, मी भरते एकत्र. १४,६०० जमले ते मी एकाच वेळी पानावर भरले. एकूण ४०,६०१ झाले आणि पावती आली १४,६०० ची, माझ्या नावाने, माझ्या पॅनवर.

शुक्रवारी आमच्या साहेबांनी त्यांच्या ५,००० ची ८०जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट घ्यायला लागणारी, पावती मागितली. ती कुठून देणार? ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्याच नावाने पावती निघते, नंतर फोडून मिळत नाही. साहेब ओरडले नाहीत पण चेहरा पडला, आणि ते मला जास्त लागलं. घरी येऊन त्यांचे ५,००० माझ्या खात्यातून परत केले, दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः लिंकवर भरले. म्हणजे त्या १४,६०० मधले ५,००० आता माझी देणगी. बाकीचे ९,६०० दुसऱ्यांचे आहेत, त्यावर मी रिटर्नमध्ये सूट घेणार नाही, तशी खूण शीटमध्ये करून ठेवली.

आतापासून स्वतःच्या खात्यात एक रुपयाही घ्यायचा नाही. ज्याला फॉर्म भरता येत नाही त्याच्या शेजारी बसून त्याच्याच फोनवरून भरून द्यायचा, पाच मिनिटं लागतात. रोखही नाही घ्यायची. तशीही २,००० च्या वर रोख दिली तर ८०जी ची सूट मिळत नाही.

आणखी एक, लोक विचारतात म्हणून: ८०जी ची सूट जुन्या कररचनेत आहे, नवीन रचना घेतलेल्याला नाही. मी आधी सगळ्यांना सरसकट "टॅक्स वाचेल" सांगत होते. आता आधी विचारते, जुनी की नवी. दोघीजणी नवीवाल्या निघाल्या, तरी त्यांनी दिले.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीत आकडा हळू हलला. एकूण ५२,१०१, त्यातले ५,००० साहेबांचे. आता विधानसभेची धामधूम, २० तारखेला मतदान, फोन उचलला की आधी तोच विषय निघतो. दहा दिवस फोन बंद ठेवणार.

बूट शेवटी बदलले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं. दुकानात संध्याकाळी जाऊन घेतले, दिवसभर उभं राहिल्यावर पाय थोडे सुजलेले असतात तेव्हाच माप घ्यावं असं तिथल्या मुलाने सांगितलं. एक नंबर मोठे, ५,४०० रुपये. पहिले ३,२०० पाण्यात गेले.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज लाँग रन बुडवून भट्टीवर गेले. हे ऑगस्टमध्येच करायला हवं होतं, पण तेव्हा भट्टी बंद, माणसं गावी. पान उघडताना मी संस्थेने पाठवलेल्या पीडीएफवरून लिहिलं होतं.

शाळा म्हणजे कच्च्या विटा रचून वर पेंढा टाकलेली एक खोली. फळा विटांच्या थप्पीला टेकवलेला. ताई याच तालुक्यातली, बारावी झालेली, सकाळी आठला येते. मुलं एकेक करून आली, दोघी-तिघींच्या कडेवर धाकटी भावंडं, कारण आई-बाप पहाटेपासून वीट पाडतायत. ताई त्या लहानग्यांनाही बसवून घेते, नाहीतर मोठी बहीणच शाळेला येणार नाही.

नऊ-दहा वर्षांची एक मुलगी होती. मी तिला सहज विचारलं, समोरच्या थप्पीत किती विटा असतील? तिने एकदा वरून खाली बघितलं, एकदा डावीकडून उजवीकडे, आणि आकडा सांगितला. ताईने आणि मी मोजून पाहिलं, बरोबर. मग ताईने तिला तोच आकडा फळ्यावर लिहायला सांगितला. तिने खडू घेतला आणि तशीच उभी राहिली. बोटांत धरलेला खडू फळ्याला टेकलाच नाही.

तिच्या घरच्यांना हजार विटांमागे पैसे मिळतात. उचल किती घेतली, विटा किती पडल्या, खर्चीला किती गेले, सगळं मालकाच्या वहीत, आणि ती वही घरात कोणालाच वाचता येत नाही. हंगाम संपला की हिशोब होतो, तेव्हा वहीत असेल ते खरं.

येताना बसमध्ये पानावरचा सगळा मजकूर खोडला आणि फक्त हा थप्पीचा प्रसंग लिहिला. मुलीचं नाव, गाव, चेहरा काही टाकलं नाही. ताईच्या हाताचा आणि फळ्याचा फोटो टाकला.

८ डिसेंबर, रविवार

एकूण ८३,६०१. दोन आठवड्यांत ३१,५००. फोन करताना आता मी वाचून बोलत नाही, जे पाहिलं ते सांगते. बदलापूरच्या मावशींनी मध्येच थांबवून विचारलं, "तिचा बाप काय म्हणतो गं शाळेबद्दल?" मला माहीत नव्हतं, ताईला विचारून दुसऱ्या दिवशी परत फोन केला. तो म्हणतो की हिशोबाच्या दिवशी पोरीला शेजारी उभी करीन. मावशींनी दोन मुलांचे दिले, ८,०००.

धावणं १६ किमी, २ तास १२ मिनिटं. नडगी दुखतेय.

१५ डिसेंबर, रविवार

दोन्हीकडे अडकले.

नडगीचं दुखणं वाढलं. फिजिओ म्हणाल्या की अंतर फार पटकन वाढवलंत, दोन आठवडे धावायचं नाही, पोटऱ्यांचे व्यायाम आणि चालणं. ५०० रुपये एक सेशन, चार लागतील. मधले रविवार सोसायटीचं काम आणि पाहुणे यात गेले होते आणि ते भरून काढायला मी एका आठवड्यात ११ वरून १६ वर उडी मारली होती, त्याचा हा परिणाम.

दुसरं, न्यू जर्सीतल्या मामेभावाला ५०० डॉलर द्यायचे होते. त्याचा पासपोर्ट आता अमेरिकेचा, म्हणजे ती परदेशी देणगी झाली, आणि आमच्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घ्यायला लागणारी सरकारी नोंदणी, नाही. दुसऱ्या एखाद्या नोंदणीवाल्या संस्थेमार्फत आणू म्हटलं तर २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेकडे आलेला परदेशी पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. भाऊ म्हणाला मामाच्या खात्यात पाठवतो, मामा देईल. संस्थेच्या मॅडमनी स्पष्ट नाही म्हटलं. त्यांचं बरोबर आहे, ५०० डॉलरसाठी संस्था अडचणीत आली तर ३८ मुलांची शाळा जाईल. त्याच्या ओळखीतला एकजण मात्र अजून भारतीय पासपोर्टवर आहे, त्याने इथल्या खात्यातून १०,००० दिले, ते चालतं. या सगळ्यात आठ दिवस आणि किमान पंधरा ईमेल गेले. परदेशातल्या माणसाला आधी पासपोर्ट विचारा, मग रक्कम.

२९ डिसेंबर, रविवार

एकूण १,०४,६०१. लाख ओलांडला, पण आजची नोंद लाखाची नाही.

आमच्या कंपनीत कर्मचाऱ्याने उभे केलेल्या पैशाला कंपनी जोड देते, २५,००० पर्यंत. मला हे १७ डिसेंबरला कॅन्टीनमध्ये कळलं. अर्जाला संस्थेचा सीएसआर-१ नोंदणी क्रमांक (कंपन्यांचा सीएसआर निधी घ्यायला लागतो तो), ८०जी चं पत्र, १२ए चं पत्र (संस्थेच्या स्वतःच्या करसवलतीचं) आणि रद्द केलेला चेक लागत होता. संस्थेकडे सगळं आहे, पण कागद सांभाळणारे दादा गावी गेलेले. कागद आले २४ ला, अर्जाची शेवटची तारीख २० होती. २५,००० म्हणजे सहा मुलं. ऑगस्टमध्ये एचआरला एक ईमेल केला असता तर हे पैसे हातात होते. दोन रात्री नीट झोप नाही.

पहिल्याच दिवशी करायचं काम: हे चारही कागद फोनमध्ये घेऊन ठेवा, आणि आपल्या कंपनीत अशी योजना आहे का ते विचारा.

१२ जानेवारी २०२५, रविवार

१,२१,१०१. धावणं परत सुरू केलंय, १४ किमी आरामात. यापुढे अंतर वाढवणार नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

बीकेसीला मॅरेथॉनच्या एक्स्पोत जाऊन बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबर, आणलं. फोटो ओळखपत्र लागतं आणि स्वतःच जावं लागतं, डोंबिवलीहून अर्धा दिवस मोडतो, रजा धरा. टी-शर्टच्या पाठीवर छापून घेतलं, ३५० रुपये: "वीटभट्टीवरच्या ३८ मुलांच्या शाळेसाठी".

शनिवारी रात्री दादरला आत्याकडे राहणार. ज्यांना राहायची सोय नाही त्यांच्यासाठी त्या पहाटे मध्य आणि पश्चिम रेल्वे जादा लोकल सोडतात, वेळा आदल्या आठवड्यात पेपरात येतात.

१९ जानेवारी, रविवार

२ तास ५३ मिनिटं. पूर्ण केली.

आत्या साडेतीनला उठली, मऊ भात आणि मीठ-तूप दिलं. माहीम रेतीबंदरला अंधारात गर्दी, खाडीचा वास, गार हवा. सी लिंकवर एरवी पायी जाता येत नाही, आज त्याच्यावर हजारो पावलांचा आवाज तेवढा ऐकू येत होता, बघ्यांची गर्दी तिथे नसते. तिथे मी वेगात गेले, जायला नको होतं. हाजीअलीपासून नडगी बोलायला लागली आणि पेडर रोडचा चढ मी जवळजवळ सगळा चालले. तिथे बिल्डिंगमधली माणसं संत्र्याच्या फोडी, मीठ, चिक्की घेऊन उभी असतात. एका आजींनी माझ्या पाठीवरचं वाचलं आणि माझ्याबरोबर दहा-बारा पावलं चालत विचारलं, "कुठली भट्टी?" मी म्हटलं भिवंडीकडची. त्यांनी हातात दोन फोडी ठेवल्या आणि "जा, जा, थांबू नको" म्हणाल्या.

मरीन ड्राइव्हवर ऊन लागलं. ओव्हल मैदानाच्या पुढे मला काही आठवत नाही.

२६ जानेवारी, रविवार

सगळ्यात जास्त पैसे आले अशा आठवड्यांपैकी हा एक ठरला, आणि हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. शर्यतीनंतरही काही आठवडे पान चालू असतं. ज्यांनी दिले त्या प्रत्येकाला मी मेडलबरोबरचा फोटो आणि नाव घेऊन अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज पाठवला. तीन संध्याकाळी गेल्या. आणि जे "बघू" म्हणाले होते त्यांना फक्त एवढंच, "धावले गं, पूर्ण केली." आधी मला वाटायचं धावून झाल्यावर कोण देणार, पण लोक बहुतेक बघत होते ही खरंच धावते का. आठवड्यात २२,४००. एकूण १,४३,५०१.

९ फेब्रुवारी, रविवार

विंगमधून आणखी ५,१०० आले. पान बंद झालं तेव्हा १,४८,६०१, म्हणजे ३७ मुलं आणि वर ६०१. अडतिसाव्याला ३,३९९ कमी पडत होते, ते मी संस्थेच्या खात्यात स्वतः भरले.

माझा खर्च: बूट दोनदा मिळून ८,६००, फिजिओ २,०००, टी-शर्ट ३५०, प्रवास साधारण १,५००. एकूण १२,४५०, एंट्री फी वेगळी. शीटमधल्या १२० पैकी १०२ जणांना फोन झाले: ६८ जणांनी दिले, २३ अजून "बघू", ११ नाही म्हणाले. अठरा जणांना मी फोन केलाच नाही. त्यातले निम्मे असे आहेत ज्यांच्याशी मधल्या वर्षांत बोलणं तुटलंय, आणि पैसे मागायला म्हणून पहिला फोन करणं मला बरं वाटेना. त्यांना आता नुसताच फोन करणार आहे, मार्चपासून.

राहिलेली कामं: पावती देणारी संस्था मेअखेरपर्यंत आयकर खात्याकडे देणग्यांच्या माहितीचा फॉर्म १०बीडी भरते आणि त्यानंतर देणगीदारांना १०बीई प्रमाणपत्र निघतं, रिटर्नमध्ये सूट घ्यायला तेच लागतं. चौघांच्या पॅनमध्ये चुका आहेत, त्या मार्चच्या आत दुरुस्त करून घ्यायच्या. खालच्या मजल्यावरच्या काकांना ५०१ ची पावती छापून हवी आहे. त्यांना टॅक्सचं काही नाही, ते गणपतीपासूनच्या सगळ्या पावत्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात. उद्या ऑफिसमधून प्रिंट काढून आणायची.